कातड्यावरचा हिंदी महासागर: डच पद्धतीच्या सागरी नकाशाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

चौकट ठरली. सतराव्या शतकाच्या मध्यावर डच ईस्ट इंडिया कंपनी जहाजांना जसा नकाशा देत असे, तसा हिंदी महासागराचा एक पट चर्मपत्रावर हाताने उतरवायचा. उत्तरेला ५° उत्तर, दक्षिणेला ४५° दक्षिण. डावीकडे आफ्रिकेचे टोक, उजवीकडे ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा.

पट शोभेसाठी करायचा असता तर छापून घेता आला असता. या नकाशांत चूक नेमकी कुठून शिरते, हे हात घालून पाहायचे आहे. कातड्यातून, नकलेतून, गणितातून, की जहाजावरच्या हिशेबातून? म्हणून किनाऱ्यांची ठाणी आजच्या निर्देशांकांवरून अचूक बसवायची आणि तपशील मात्र त्या काळी माहीत होता तेवढाच ठेवायचा. शेवटी जी चूक मोजली जाईल ती प्रक्रियेची असेल, मूळ माहितीची नाही.

कंपनीचे नकाशे हातानेच का काढले जात, तेही नोंदवून ठेवू. ॲमस्टरडॅमच्या नकाशा कार्यालयात १६१७ पासून हेसेल गेरित्स, १६३३ पासून विलेम ब्लाऊ आणि १६३८ ते १६७३ योआन ब्लाऊ हे प्रमुख होते. परतलेल्या जहाजांच्या रोजनिशा त्यांच्याकडे जात, त्यांवरून मूळ प्रत दुरुस्त होई आणि तिच्या नकला नव्या जहाजांना मिळत. आशियाच्या समुद्राचे हे नकाशे छापून बाजारात आले ते थेट १७५३ मध्ये, व्हॅन क्यूलेन घराण्याच्या सागरी नकाशासंग्रहाच्या सहाव्या भागात. तोवर नकलेवरून नक्कल. त्यामुळे नकलेतली चूक हा या प्रकल्पाचा एक मुख्य विषय आहेच.

६ जून

कातडे. बकऱ्याचे, न कमावलेले, तबल्याच्या पुडीसाठी येते त्याच जातीचे, पण आकाराने मोठे. कमावलेले चामडे इथे चालत नाही, ते मऊ पडते आणि शाई पसरवते. चर्मपत्र हे चुन्यात भिजवून, केस काढून, ताणून वाळवलेले कातडे असते. ताण हाच त्याचा प्राण.

चुन्याच्या पाण्यात आठ दिवस ठेवलेले कातडे आज चौकटीवर चढवले. कडेला थेट भोके पाडून दोरी ओवली तर वाळताना भोक फाटत जाते. कडेच्या घडीत गोटीएवढा गुळगुळीत खडा गुंडाळायचा आणि त्याच्या मागे दोरीचा फास घालायचा. एकूण २२ खडे लागले. दिवसातून दोनदा सगळ्या दोऱ्या थोड्या थोड्या आवळायच्या. एकाच बाजूने आवळले की मधोमध तिरकी सुरकुती उठते आणि ती पुढे जात नाही.

ओले असतानाच मांसाकडची बाजू रापीने खरवडली. रापी कातड्याला जवळजवळ काटकोनात धरावी लागते. चांभार चामडे छाटताना धरतो तशी आडवी धरली की ती आत घुसते. पाठीच्या कण्याची रेघ जाड राहते आणि पोटाकडे कातडे पातळ होते. हा जाडीतला फरक पुढे त्रास देणार, याची इथेच खूण करून ठेवली आहे.

९ जून

पूर्ण वाळले. चौकटीतून कापल्यावर उपयोगाचा भाग ७६ × ५१ सें.मी. भरला.

त्यावरून प्रमाण: रेखांशाच्या एका अंशाला ७ मि.मी. १०० अंशांचे ७०० मि.मी. होतात आणि कडेला थोडी जागा उरते. विषुववृत्तावर हे प्रमाण साधारण १ : १ कोटी ५९ लाख येते. कंपनीचे पट याहून मोठे असत. आधी ९ मि.मी.चा विचार होता, पण त्याला ९० सें.मी. रुंदी लागते आणि एवढे एकसंध बकऱ्याचे कातडे मिळत नाही. जोड द्यायचा नाही. जोडाच्या दोन बाजू दमट हवेत वेगवेगळ्या फुगतात.

१२ जून

वाढत्या अंशांचे गणित. डच लोक या प्रकाराला वाढत्या अंशांचाच नकाशा म्हणत, आणि मर्केटर प्रक्षेपणाला याहून चांगले नाव शोधूनही सापडणार नाही. विषुववृत्तापासून दूर जावे तसा अक्षांशाचा प्रत्येक अंश नकाशावर लांब होत जातो. किती लांब, ते त्या अक्षांशाच्या सेकंटवर (१ भागिले कोसाइन) ठरते. सेकंटांची बेरीज करून असे कोष्टक एडवर्ड राइटने १५९९ मध्ये छापले होते.

आपल्या पटावर एका अंशाची लांबी अशी येते: ०° ते १° मध्ये ७.०० मि.मी., १०° ते ११° मध्ये ७.१२, २०° ते २१° मध्ये ७.४७, ३०° ते ३१° मध्ये ८.१२, ४०° ते ४१° मध्ये ९.२१ आणि ४४° ते ४५° मध्ये ९.८१. विषुववृत्तापासून एकूण अंतर १०° ला ७०.४ मि.मी., २०° ला १४२.९, ३०° ला २२०.३, ४०° ला ३०६.० आणि ४५° ला ३५३.५. उत्तरेकडच्या ५° चे ३५.०. सगळी उंची ३८८.५ मि.मी.

पहिल्या खेपेला शेवटची रेघ दीड मिलिमीटर खाली गेली. कारण साधे होते. प्रत्येक अंशासाठी त्याच्या वरच्या टोकाचा सेकंट घेतला होता, ४० ते ४१ साठी ४१ चा. घ्यायला हवा मधला, ४०.५ चा. ४५ अंशांत ही चूक साचून १.४५ मि.मी. होते. वरच्या आणि खालच्या टोकांच्या सेकंटांनी दोन वेगळ्या बेरजा करून सरासरी काढली तरी उत्तर बरोबर येते. दोन बेरजांमधला फरक आपली चूक जास्तीत जास्त किती असेल तेही सांगतो, म्हणून हीच रीत ठेवली.

कडेची मापपट्टी आखताना प्रत्येक अंश आधीच्या अंशाला जोडून मोजायचा नाही. विषुववृत्ताच्या रेघेवर पट्टीचे शून्य ठेवून सगळे अंश तिथूनच मोजायचे.

१३ जून

शून्य रेखांश ग्रीनिचचा नाही. त्या काळच्या डच नकाशांवर टेनेरिफ बेटाच्या शिखराचा आहे. ते ग्रीनिचच्या पश्चिमेला १६° ३८′ वर आहे, म्हणून आजच्या पूर्व रेखांशात १६° ३८′ मिळवायचे. पटाच्या कडा: टेनेरिफपासून ३२° ते १३२°.

ठाणी, डावी कड आणि विषुववृत्त यांपासून:
केप ऑफ गुड होप (३४° २१′ द., टेनेरिफपासून ३५° ०६′): २१.७ मि.मी. आणि २५६.३ मि.मी.
बटाव्हिया, आजचे जाकार्ता (६° ०८′ द., १२३° २७′): ६४०.२ आणि ४३.०.
केप लेउविन (३४° २२′ द., १३१° ४६′): ६९८.४ आणि २५६.४.

केप ऑफ गुड होप आणि लेउविन यांच्या अक्षांशांत फक्त एका मिनिटाचा फरक आहे. महासागराच्या दोन टोकांना निसर्गाने खुंट्या ठोकून दिल्यासारखे आहे हे. या दोन बिंदूंवर दोरा ताणला की तो विषुववृत्ताला समांतर दिसला पाहिजे आणि बिंदूंतले अंतर ६७६.७ मि.मी. भरले पाहिजे. पुढची प्रत्येक तपासणी याच दोऱ्याने करायची.

लेउविन उजव्या कडेपासून जेमतेम १.६ मि.मी. आत आहे. कड छाटताना लक्ष ठेवा.

१९ जून

खाक्याचा सराव. त्यासाठी वेगळा छोटा तुकडा घेतला: वेंगुर्ले ते आग्वाद. डचांनी १६३० च्या दशकात वेंगुर्ल्याला वखार घातली ती पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर ठेवायला, आणि या पट्ट्यातला किनारा सरावाला चांगला आहे. खाड्या, टोके, बाहेर समुद्रात वेंगुर्ल्याचे खडक. वेंगुर्ले १५° ५१′, आग्वाद १५° २९′. फरक २२ मिनिटांचा. एका अंशाला १५ डच मैल, म्हणून साडेपाच मैल. मैलाला ३० मि.मी. धरून १६५ मि.मी. लांबीचा तुकडा झाला.

नक्कल करायची रीत भरतकामाच्या खाक्याचीच आहे. मूळ रेघेवर सुईने भोके पाडायची, कागद कातड्यावर ठेवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थापटायची. कातड्यावर ठिपक्यांची रेघ उमटते, ती शाईने जोडायची.

काय बिघडले:

भोके ३ मि.मी. अंतरावर पाडली तेव्हा तेरेखोलच्या खाडीचे तोंडच नाहीसे झाले. दोन ठिपके सरळ जोडले गेले आणि खाडी बुजली. आता सरळ किनाऱ्यावर २ मि.मी. आणि वळणावर १ मि.मी. असे अंतर ठेवले आहे.

सुई तिरकी गेली की कागदाच्या खालच्या अंगाला भोक सरकलेले असते. एका कागदाला हे जाणवत नाही, पण वेळ वाचवायला चार कागद एकाखाली एक ठेवून टोचले तेव्हा सर्वांत खालच्या प्रतीवर रेघ अर्धा मिलिमीटर दक्षिणेला गेली. हात उजवा आणि सुई स्वतःकडे झुकलेली, म्हणून चूक सगळीकडे एकाच दिशेला. अशी चूक नुसत्या नजरेला दिसत नाही, कारण किनाऱ्याचा आकार अगदी बरोबर राहतो.

पुरचुंडी घासू नये, थापटावी. घासली की ठिपक्यांना शेपट्या फुटतात.

२४ जून

शाई. मायफळ ६० ग्रॅम, जाडसर कुटून ६०० मि.लि. पावसाच्या पाण्यात पाच दिवस भिजवले. मलमलीतून गाळून त्यात हिराकस २० ग्रॅम आणि बाभळीचा डिंक १५ ग्रॅम. हिराकस याहून वाढवला तर शाई लवकर काळी होते, पण जास्तीचे लोह पुढे कातडे आणि कागद खाते. जुन्या दस्तऐवजांत अक्षरांच्या जागी भोके पडलेली दिसतात, त्याचे हे एक मोठे कारण. भांडे काचेचे घ्या, लोखंडी नको.

ही शाई ओढताना फिकट करडी दिसते आणि दिवसभरात काळी पडते. सरावाच्या तुकड्यावर ती फिकट वाटली म्हणून त्याच रेघेवर दुसरा हात फिरवला गेला. दुसऱ्या दिवशी सगळा किनारा दोरखंडाएवढा जाड.

बोरूची रेघ ०.६ मि.मी.च्या खाली जात नाही, म्हणून अक्षरांना बोरू आणि रेघांना बारीक पोलादी टाक. कातड्यावर तेलकटपणा राहिला असेल तिथे शाई थेंब थेंब होऊन गोळा होते. तेवढ्या भागावर समुद्रफेसाची पूड बोटाने चोळून झटकली की टाक चालतो.

लाल रंग हिंगुळाचा. हिरव्याला त्या काळी जंगाल वापरत, पण ते विषारी आणि तेही चर्मपत्र खाते. इथे तयार हिरवा रंग घेतला आहे.

३ जुलै

दिशारेषांचे जाळे. मधोमध एक अदृश्य वर्तुळ, त्याच्यावर १६ बिंदू, प्रत्येक बिंदूतून बाकीच्यांकडे रेघा. ३२ दिशा, दोन दिशांत ११° १५′. चार मुख्य आणि चार उपदिशा काळ्या, त्यांच्या मधल्या आठ हिरव्या, उरलेल्या सोळा लाल. रंग देण्याचे कारण व्यवहारी आहे. कंदिलाच्या उजेडात, हलत्या टेबलावर, बोट कुठल्या रेघेवर आहे ते कळायला हवे.

त्रिज्या १७० मि.मी. घेतली. लगतच्या दोन बिंदूंमधले सरळ अंतर ६६.३ मि.मी. येते. कर्कटक ६६.३ वर लावून सोळा पावले टाकली तर शेवटचे पाऊल सुरुवातीच्या बिंदूवर पडायला हवे. ते दीड मिलिमीटर पुढे पडले. एका पावलाला जेमतेम ०.१ मि.मी.ची चूक, सोळा पटीने वाढलेली. पावले सोडून दिली. आधी काटकोनात दोन व्यास, मग प्रत्येक कोनाचे दोनदा दुभाजन. यात चूक साचत नाही.

कंपासचे टोक कातड्यात रुतू नये म्हणून मध्यावर पातळ शिंगाची चकती ठेवली. ती नसेल तर सोळा केंद्रांवर सोळा भोके पडतात.

संध्याकाळपर्यंत काळ्या रेघा पूर्ण झाल्या. हिरव्या उद्या.

४ जुलै

रात्रभर पाऊस. सकाळी कातडे फुगून लाटांसारखे झाले होते आणि काळ्या रेघांवरून हिरव्यांची केंद्रे जुळेनात. काम थांबवले.

१० जुलै

कातडे टेबलावर मोकळे ठेवून काम करणे हीच चूक होती. कडा किंचित ओल्या करून पट लाकडी फळीवर पसरला, कडेने पाठीमागे वळवून पितळी खिळ्यांनी ठोकला आणि दोन दिवस वाळू दिला. आता काम संपेपर्यंत तो फळीवरच राहील.

ठोकण्याआधी दमट हवेतली मापे घेऊन ठेवली. ७०० मि.मी.ची आडवी रेघ ७०६ भरली. उभी ३८८.५ ची उंची ३९० भरली. आडव्या दिशेला ०.८६ टक्के वाढ, उभ्याला ०.३९ टक्के. कण्याची रेघ पटावर आडवी ठेवली होती आणि या कातड्याची वाढ कण्याच्या दिशेने जास्त आहे.

हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण इथे गफलत होते. कातडे दोन्ही दिशांना सारखे वाढले असते तर काहीच बिघडले नसते. या नकाशावर मैलांची वेगळी पट्टी नसते. अंतर मोजायला कर्कटक कडेच्या अक्षांशपट्टीवर, जहाज ज्या उंचीवर असेल त्याच उंचीला, लावतात. कातड्याबरोबर पट्टीही वाढते आणि चूक आपोआप वजा होते. अडचण येते ती दोन दिशांच्या फरकामुळे: पट्टी उभी आहे आणि पूर्वेकडचा प्रवास आडवा. इथे फरक ०.४७ टक्के. हजार मैलांवर ४.७ मैल.

१७ जुलै

किनारे चढवले. आफ्रिका, मादागास्कर, सुमात्रा आणि जावा यांना फार वेळ लागला नाही. दोऱ्याची तपासणी: केप ते लेउविन ६७६.५ मि.मी. चालेल.

विचार करावा लागला तो ऑस्ट्रेलियापाशी. गेरित्सच्या १६२७ सालच्या नकाशावर हा किनारा एका जहाजाने पाहिलेला एक तुकडा, दुसऱ्याने पाहिलेला दुसरा, असा जोडलेला आहे, आणि तुकड्यांना शोधाची साले दिलेली आहेत. १६१६ मध्ये डर्क हार्टोगच्या ‘एन्ड्राख्ट’ जहाजाने पाहिलेली भूमी, १६१९ चे हाउटमनचे अब्रॉल्होस खडक, १६२२ चे लेउविन. मधल्या जागा रिकाम्या. आपल्या पटावरही त्या रिकाम्याच ठेवल्या. अंदाजाची तुटक रेघ ओढायचा मोह होतो, पण मार्ग काढणाऱ्या माणसाला रिकामी जागा जास्त उपयोगी असते. तिथे काय आहे ते कोणी पाहिलेले नाही, हे तिच्याकडे बघितल्यावर कळते.

सेंट पॉल बेट ३८° ४३′ दक्षिण, टेनेरिफपासून ९४° ०९′. हा ठिपका १ मि.मी.चा काढला आहे. प्रत्यक्ष प्रमाणात तो टाकाच्या टोकाखाली मावेल, पण मार्गावर इतके मोलाचे ठाणे दुसरे नाही. केपपासून त्या अक्षांशावर ते ६९१ मैल पूर्वेला पडते. ते दिसले की तोवरचा सगळा अंदाजी हिशेब पुसून नव्याने सुरुवात करता येते.

२६ जुलै

खोलीचे आकडे. सुमात्रा आणि जावा यांमधली सुंदा सामुद्रधुनी आणि बटाव्हियाचे बंदर सोडले तर या प्रमाणाच्या पटावर फारसे बसत नाहीत. आकडे वावांत. डच वाव ॲमस्टरडॅमच्या सहा फुटांचा, एक फूट २८.३ सें.मी.चा, म्हणजे वाव १.७० मीटरचा. इंग्रजी वाव १.८३ मीटरचा असतो. जुन्या डच नकाशावरचे १० वाव १८ मीटर धरले तर प्रत्यक्षात पाणी एक मीटरने उथळ निघेल. खडकांना फुल्या, वाळूच्या उथळ भागाला ठिपके, नांगर टाकायच्या जागेला नांगर.

४ ऑगस्ट

हजार मैलांची चाचणी.

हेंड्रिक ब्रौवरने १६११ मध्ये केपहून सरळ पूर्वेला जाऊन मग उत्तरेकडे वळण्याचा मार्ग काढला. पुढे कंपनीने तो सक्तीचा केला. आज्ञा अशी की ३५° ते ४४° दक्षिण यांच्या दरम्यान किमान १००० मैल पूर्वेला जावे आणि मगच जावाकडे वळावे. मैल डच, अंशाला १५, म्हणजे सुमारे ७.४ कि.मी.

कर्कटक १०० मैलांवर लावून, केपच्या रेखांशापासून सुरुवात करून, तीन अक्षांशांवर दहा दहा पावले टाकली. ४०° वर १०० मैलांचे पाऊल ६०.९ मि.मी. भरते.

३५° वर हजार मैल ८१.४ अंश रेखांशांत संपले. ग्रीनिचच्या भाषेत ९९.९° पूर्व.
४०° वर ८७.० अंश, १०५.५° पूर्व. सुंदा सामुद्रधुनीच्या जवळजवळ बरोबर खाली.
४४° वर ९२.७ अंश, १११.१° पूर्व.

एकच आज्ञा, एकच मैल. मुक्कामाच्या दोन टोकांत ११.३ अंशांचा फरक. ३५° वरून वळणारा सुमात्राच्या बाजूला जाईल आणि ४४° वरून वळणारा ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून दोनतीन अंशांवर असेल. अब्रॉल्होसचा रेखांश ४०° वर मोजला तर केपपासून १०९५ मैलांवर पडतो. हजारच्या पुढे साडेनऊ टक्के, बस्स.

हीच चाचणी सपाट नकाशावर, जिथे सगळे अंश सारखे ७ मि.मी.चे असतात, करून पाहिली. तिथे हजार मैल ६६.७ अंशांतच संपतात आणि जहाज ८५° पूर्वेला आहे असे दिसते. प्रत्यक्षात ते ४०° वर असेल तर १०५.५° ला पोचलेले असते. वीस अंशांची ही थाप सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून सपाट नकाशांवर दूरचे किनारे रेखांशाने न बसवता जहाजांनी मोजलेल्या अंतराने बसवत. त्यामुळे असा पट आजच्या रेखांशांवर ताणून ‘चुकीचा’ ठरवण्यात अर्थ नसतो.

७ ऑगस्ट

मैल मोजायचे कसे? डच जहाजांवर लाकडाची ढलपी नाळेपाशी पाण्यात टाकत आणि कठड्यावरच्या दोन खुणांमधले अंतर कापायला तिला किती वेळ लागतो ते मोजत.

गणित करून पाहू. खुणांत १२ मीटर आणि ढलपीला ६ सेकंद लागले, तर वेग ताशी ७.२ कि.मी., तासाला ०.९७ मैल. तेच मोजणाऱ्याने ७ सेकंद धरले तर ०.८३ मैल. एका सेकंदाच्या फरकाने दिवसाला २३.३ ऐवजी २० मैल. ही चूक कधी इकडे, कधी तिकडे होते, म्हणून थोडी भरून निघते.

भरून न निघणाऱ्या दोन आहेत. पहिली प्रवाहाची. ढलपी आणि जहाज दोन्ही त्याच पाण्यावर तरंगतात, त्यामुळे पूर्वेकडे वाहणारे पाणी ढलपीला दिसतच नाही. ताशी अर्धा कि.मी. प्रवाह धरला तर दिवसाला १.६ मैल, ४० दिवसांत ६५ मैल, ४०° वर साडेपाच अंशांहून जास्त. जहाज हिशेबापेक्षा पूर्वेला असते.

दुसरी उलट्या अंगाची. विलेब्रोर्ड स्नेलियसने १६१७ मध्ये एका अंशाची लांबी २८,५०० राइनलँड काठ्या दिली. काठी ३.७६७ मीटरची, म्हणून अंश १०७.४ कि.मी. खरा सुमारे १११. मैलच साडेतीन टक्क्यांनी आखूड ठरतो आणि हजार मैल मोजून होतात तेव्हा खरे ९६६ झालेले असतात. ४०° वर तीन अंश पश्चिमेला. दोन चुका एकमेकींना काही अंशी खातात, पण प्रवाहाची चूक मोठी आणि ती वाऱ्यावर, ऋतूवर बदलते.

होकायंत्राच्या सुईचा उपयोग इथे वेगळाच होई. केपजवळ १६०० च्या सुमारास सुई जवळजवळ खऱ्या उत्तरेला असे. पुढे ती पश्चिमेकडे ढळत जाई आणि जावाकडे जाताना ढळ पुन्हा उतरे. रोज सूर्योदयाला तो मोजून आपण महासागराच्या कुठल्या भागात आहोत याचा अदमास घेत. वर्षागणिक ढळ बदलतो, त्यामुळे बापाच्या वेळच्या रोजनिशीतले आकडे मुलाला चालत नसत.

११ ऑगस्ट

चुकांची वही. हजार मैलांच्या प्रवासावर, ४०° वर, मैलांत:

टाकाच्या रेघेची जाडी (०.३ मि.मी.): ०.५
खाक्याची सरक, चौथी प्रत: ०.८
दुपारी सूर्याच्या उंचीवरून अक्षांश काढताना १० मिनिटांची चूक: २.५, उत्तर-दक्षिण
कर्कटकाची दहा पावले, प्रत्येकी ०.२ मि.मी. एकाच बाजूला: ३.३
कातड्याची असमान वाढ: ४.७
आखूड मैल: ३४
प्रवाह, वरच्या गृहीतावर: ६५
आज्ञेत अक्षांश मोकळा ठेवल्याने, ३५° आणि ४४° मधला फरक: ४०° वरच्या १३० मैलांएवढा

खाका, शाई, कातडे आणि कर्कटक यांची सगळी बेरीज दहा मैलांच्या आत राहते. सुरुवातीला संशय नेमका यांच्यावरच होता, महिनाभर त्यांच्याशीच झटापट झाली. जहाजे खडकांवर गेली त्याची कारणे वहीच्या खालच्या तीन ओळींत आहेत. ‘बटाव्हिया’ ४ जून १६२९ ला अब्रॉल्होसवर, ‘व्हर्गुल्ड ड्रॅक’ १६५६ मध्ये, ‘झॉइटडोर्प’ १७१२ मध्ये, ‘झेवाइक’ १७२७ मध्ये. पहिल्या आणि शेवटच्या जहाजात ९८ वर्षे आहेत. या काळात किनारा नकाशावर बराच भरला, पण समुद्रावर रेखांश काढायची खात्रीची रीत एकाही जहाजाकडे नव्हती.

१९ ऑगस्ट

पट फळीवरून उतरवला. खिळ्यांच्या भोकांसह कड छाटली, लेउविनच्या बाजूला १० मि.मी. जादा ठेवून. उतरवल्यावर पुन्हा दोरा लावला: ६७५.८ मि.मी. ताण सुटल्यावर कातडे किंचित आक्रसले.

गुंडाळताना चित्राची बाजू बाहेर ठेवायची. आत ठेवली तर उलगडताना शाईच्या थरावर दाब येऊन हिंगूळ सुटतो. नळी किमान १० सें.मी. व्यासाची, आत सुती कापड. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमटपणा कोंडतो.

बाकी काम: दिशाचक्रावरचे उत्तरेचे फूल, दोन हिरव्या रेघांवर उडालेला शाईचा डाग रापीच्या टोकाने खरवडणे, आणि सप्टेंबरअखेर पाऊस ओसरल्यावर केप-लेउविन अंतर पुन्हा मोजणे.